वाघुरीचं तोंड

१

मेंढरं उंबरा चाटायला लागली, तेव्हा ताराबाईला वाटलं त्यांना मीठ कमी पडतंय.

तसं वाटण्यात नवल नव्हतं. जन्म मेंढरांमागं काढलेली बाई ती. मेंढरू दगडमाती चाटायला लागलं की काय करायचं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं खडेमीठ पाटीत ओतलं आणि पाटी वाघुरीत नेऊन ठेवली. वाघूर म्हणजे मेंढरांचं जाळीचं कुंपण. खुंट्या ठोकून जाळी ताणायची, एका बाजूला आतबाहेर करायला तोंड ठेवायचं, आणि दिवस मावळला की कळप आत घेऊन ते तोंड दोरीनं बांधून टाकायचं. पाटोद्याच्या या डोंगराकडच्या वस्तीवर लांडगा अजून येतो, आणि तो काही निरोप पाठवून येत नाही.

ताराबाईच्या वाघुरीचं तोंड मात्र दिवाळी झाल्यापासून उघडंच होतं. त्यावरून घरात वाद व्हायचा आणि दरवेळी तीच जिंकायची.

मेंढरांनी पाटीकडं ढुंकूनही पाहिलं नाही. ती सरळ घराकडं आली. आधी उंबरा, मग ओसरीतल्या बाजेचे पाय, मग खुंटीला टांगलेल्या घोंगडीचं खाली आलेलं टोक. एक म्हातारी मेंढी ते टोक तोंडात धरून, लेकरानं आईचा पदर चोखावा तशी चोखत उभी होती. ताराबाईनं तिला बाजूला ढकललं, ओलं टोक बोटांत धरलं आणि बोट जिभेला लावलं. खारट लागलं.

'लागंलच की,' ती स्वतःशीच म्हणाली. घोंगडी नवऱ्याची. ऊन, वारा, पाऊस, सगळ्यात त्यानं ती अंगावर वागवलेली; घाम मुरलेला असणारच. पण घामाची चव तिला चांगली ठाऊक होती. ही त्याहून कडवट होती, आणि अशी चव तिनं आयुष्यात एकाच ठिकाणी घेतली होती. तिकडं तर घोंगडी गेलीच नव्हती. बेटावर लई उकडतं, असं म्हणून रामेश्वरनं ती घरीच ठेवायला लावली होती.

२

रामेश्वर हा तिचा एकुलता एक लेक. मांजरसुंब्याला हायवेच्या कडेला त्याचा ढाबा आहे, आणि तो बरा चालतो. आईबापाला एकदा विमानात बसवायचं, हे त्यानं कधीचं मनात घेतलं होतं. टूरवाल्यांच्या जाहिरातीत अंदमानची चित्रं होती: पांढरी वाळू, हिरवं पाणी, पाण्यावर वाकलेली नारळाची झाडं. 'माय, तुमी दोघांनी डोंगराबिगर काय बघितलंय?' म्हणाला आणि तिकिटं काढून मोकळा झाला. बायको उज्ज्वला, तो आणि ही दोघं म्हातारी, अशी चार माणसं निघाली.

बाकीची मंडळी समुद्रकिनारे बघायला आली होती. ताराबाईचा नवरा सटवा मात्र प्रत्येक किनारा चराईचं रान जोखावं तसा जोखत होता. पहिल्या बेटावरची वाळू ज्वारीच्या पिठासारखी पांढरीशुभ्र, लांबच लांब. लोक तिच्यावर लोळत होते. सटवानं मूठभर उचलली, बोटांतून सोडली आणि म्हणाला, "एवढी जमीन, आन् गवताची एक काडी न्हाई. काय कामाची?" दुसऱ्या ठिकाणी वाळूत शंख पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे होते, शेकड्यानं. तिथं तो दुपारभर उकिडवा बसून राहिला. सगळे एका अंगाला चालतात, सगळे एकदम थांबतात, हे बघून त्याला राहवेना. "ह्यांचा मेंढका कोण आसंल गं?" त्यानं तिला विचारलं. ताराबाई हसली होती. इतकी ती पुष्कळ वर्षांत हसली नव्हती.

तिसरी जागा म्हणजे एक छोटा, आत वळलेला किनारा होता. जमिनीनं दोन्ही बाजूंनी हात पुढं करून पाणी कवेत घेतलेलं, आणि समोर समुद्राकडं एक अरुंद वाट. पाणी ओसरलेलं होतं. मध्यावर वाळूचा एक लांब पट्टा उघडा पडला होता, कोरडा, उन्हात चमकणारा. रामेश्वर आणि उज्ज्वला शहाळी आणायला गेली. गाईड जेवणाचं बघायला गेला. ताराबाई सगळ्यांच्या चपला राखत बसली.

"त्या पट्ट्यापतूर जाऊन येतो," सटवा म्हणाला.

"पाणी वाढलं म्हंजे?"

त्यानं मान वर करून आभाळ बघितलं. तिनंही बघितलं. ढगाचा एक ठिपका नव्हता. "पाणी वाढाया वर कुठं पाऊस तर पडाया पायजे," तो म्हणाला. तिला ते पटलं. बालाघाटच्या डोंगरात नदी अशीच वाढते. वर पाऊस होतो, मग पाणी आवाज करत येतं आणि माणसाला पळायला वेळ देतं. चांगल्या आभाळाखाली पाणी वाढतं, असं त्या दोघांना कुणीच कधी सांगितलेलं नव्हतं.

धोतराचा काचा मारून, काठी टेकत तो गेला. पट्ट्यावर पोचून त्यानं तिच्याकडं बघून काठी उंच केली. पाणी आलं ते आवाज न करता, सगळ्या बाजूंनी. तिला आधी वाटलं ऊन बदललंय. मग दिसलं की तो घोट्याएवढ्या पाण्यात उभा आहे, मग गुडघ्याएवढ्या, आणि वाट कुठून धरावी हे न समजून नुसता उभाच आहे. तेवढ्यात कुठलीशी मंडळी फोटो काढायला तिच्या पुढ्यात येऊन थांबली. ती बाजूला झाली तेव्हा पट्टा नव्हता, काठी नव्हती, नुसतं हिरवं पाणी होतं. ते अगदी चित्रातल्यासारखं दिसत होतं.

ताराबाई तोंडात पाणी जाईपर्यंत आत धावली. आणि मग तिनं हाळी घातली. हरवलेल्या मेंढराला घालतात ती, पोटातून काढलेली, डोंगराला लागून परत येणारी. तिथं डोंगर नव्हता, त्यामुळं ती परत आली नाही. लोकांनी तिला ओढून काढेपर्यंत ती हाळी घालत होती.

होड्या लावल्या, पाणबुडे आले, दोन दिवस शोधलं. सटवा सापडला नाही.

३

हाळी घातली की वाघुरीचं तोंड बांधायचं नाही, ही त्यांच्यातली रीत. हाळी ऐकून हरवलेलं जनावर अंधारात परत आलं, आणि तोंड बांधलेलं असलं, तर ते बाहेरच मरायचं. म्हणून ते येईपर्यंत किंवा मेलेलं मिळेपर्यंत तोंड उघडं ठेवायचं आणि कुत्र्यानं जागायचं. ताराबाईनं एवढंच केलं होतं. गावी आल्या आल्या वाघुरीची दोरी सोडून घरात आढ्याला टाकली होती.

"माय, बा काय मेंढरू हाय का?" रामेश्वर म्हणायचा. ढाबा उज्ज्वलाच्या भावावर टाकून दोघं नवराबायको वस्तीवर येऊन राहिले होते. लेकाची दाढी वाढली होती. सहलीला आपणच नेलं, हे त्याला जेवू देत नव्हतं. "देह न्हाई मिळाला तर दर्भाचा करून अग्नी देत्यात. महाराजाला इचारलंय म्या. एकदा तुझ्या तोंडून हो म्हण."

"हाळी घातली हाय म्या," ताराबाई म्हणायची. "आलेले न्हाईत आजून."

तिला वेड लागलं नव्हतं. नवरा बुडाला, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण बुडाला हे एक आणि येणार नाही हे दुसरं, आणि ह्या दोन गोष्टींची गाठ तिच्या मनात पडत नव्हती.

मेंढरांनी उंबरा धरला त्याच सुमारास वाघुरीच्या तोंडाशी ओल दिसायला लागली. भाकरीएवढी, मग परातीएवढी. बाकीची जमीन भेगाळलेली आणि तेवढीच काळी, ओली. एके दिवशी ती सकाळी दिसायची, दुपारी वाळायची, तिन्हीसांजेला परत यायची. दुसऱ्या दिवशी जरा उशिरा. तिसऱ्या दिवशी आणखी उशिरा. कुत्र्यानं मुतलं असेल म्हणावं, तर कुत्रं त्या ओलीच्या कडेला पाय पोटाशी घेऊन पडलेलं असायचं आणि मधूनच शेपटी हलवायचं. घरातलं माणूस आलं की हलवतं तशी.

उज्ज्वला अंगण झाडायची. एका सकाळी तिनं सुपलीत केर भरला आणि ती सासूपुढं आणून धरली. काळ्या मातीत पांढरं काहीतरी चमकत होतं.

"आपल्या बॅगांतून आली आसंल," उज्ज्वला म्हणाली. पण बॅगा तिनंच धुऊन माळ्यावर टाकल्या होत्या.

"आसंल," ताराबाई म्हणाली. तिनं ती वाळू चिमटीत घेतली. ज्वारीच्या पिठासारखी मऊ होती.

त्यानंतर कोकरू मेलं. महिन्याचं असेल नसेल, कालपर्यंत उड्या मारणारं. वाघुरीच्या बाहेर, तोंडापासून थोड्या अंतरावर, कोरड्या ढेकळांत पडलेलं सापडलं. अंगावर दात नाही की ओरखडा नाही. उज्ज्वलानं त्याला उचललं तसं त्याच्या नाकातोंडातून पाणी यायला लागलं. ते थांबेचना. तिचं लुगडं भिजलं, पायाखालची माती भिजली, आणि तिनं कोकरू खाली टाकून हंबरडा फोडला.

"हौदात पडलं आसंल," रामेश्वर म्हणाला.

तिघांनीही हौदाकडं बघितलं. त्याच्या तळाला वाळकी पानं होती. विहीर लांब, शेताच्या पलीकडं. रामेश्वरनं फावडं आणलं आणि खड्डा करायला घेतला.

४

सटवाचा धाकटा भाऊ सुग्रीव तेव्हा सिरसाळ्याकडं होता, लोकांच्या रानात मेंढरं बसवायला. कोकराचं ऐकून तो आला. वाघुरीभोवती एक फेरी मारली, ओलीत पाय पडणार नाही एवढं जपून. मग ओसरीत बसला आणि पाणीसुद्धा न घेता त्यानं विचारलं, "वैनी, तिकडं हाळी कशी घातलीतीस?"

"कशी म्हंजे? घालत्यात तशी."

"नाव घेतलं व्हतंस का दादाचं?"

ताराबाईनं पदर पुढं ओढला. नवऱ्याचं नाव तिनं लग्नातल्या उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच. त्यानंतर तो 'अवं' होता, 'रामेश्वरचा बा' होता, 'घरचे' होता. बँकेत साहेबानं विचारलं तरी ती लेकाकडं बघायची. पाण्यात गळ्यापर्यंत उभी असताना ते नाव तिच्या तोंडात आलं नव्हतं. खरं तर आलं होतं, आणि दातांशी येऊन थांबलं होतं. त्या वेळीही तिला लाज वाटली होती, आणि ही गोष्ट तिनं कुणालाही सांगितली नव्हती.

सुग्रीव समजला.

"बांडी हरवली तर बांडीला घालायची. काळी हरवली तर काळीला. बिगरनावाची हाळी आपल्यात कुणी घालत न्हाई. ल्हानपणी म्या एकदा उगाच घातली, तर आमच्या बानं काठी मोडूस्तवर मारलंता."

"कावून?"

"कावून ते न्हाई सांगितलं. मारलं मातर लई." त्यानं आवाज खाली आणला. "नाव घिऊन घातली तर ज्याचं नाव त्यानं यायचं. तू नुसतीच घातलीस. तिथं त्या पाण्यात काय एकलाच दादा व्हता व्हय, वैनी?"

रामेश्वर उठून उभा राहिला. "काका, मायच्या डोक्यात काय बी भरू नका."

"म्या कशाला भरू? तोंड बांध म्हणाया आलतो." सुग्रीवनं टोपी घातली. जाताना तो ताराबाईपाशी थांबला आणि पहिल्यांदाच तिच्याकडं सरळ बघितलं. त्याचे डोळे भरले होते. "माझा बी भाऊच व्हता गं. पर बांध."

५

त्या दिवशी तिन्हीसांजेला रामेश्वर आणि उज्ज्वला सुग्रीवला फाट्यापर्यंत सोडायला गेली होती. ताराबाईनं कळप आत घेतला. मग ती घरात गेली, आढ्यावरची दोरी काढली आणि हातात धरून बसली. बांधायची म्हणून नव्हे. आपण बांधू शकतो का, हे तिला बघायचं होतं. दोरी मांडीवर घेऊन ती रडली. बांधली म्हणजे तो मेला. इतके दिवस तो फक्त आलेला नव्हता.

रडणं ओसरल्यावर तिला एक आवाज ऐकू आला. बाहेरून येत होता, मऊ, लांबलचक. एकदा यायचा, मग थांबायचा, मग परत जायचा. वारा म्हणावा तर चुलीतला धूर सरळ वर चालला होता. तो आवाज कुठला, हे ओळखायला तिला वेळ लागला, कारण तो तिनं बेटावर ऐकला होता आणि इथं तो असायचं कारण नव्हतं.

ती दोरी घेऊन बाहेर आली आणि घराकडच्या अंगानं जाळी ओलांडून वाघुरीत शिरली. आवाज कळपाचा होता. सगळी मेंढरं तोंडाकडं माना करून उभी होती, आणि सगळी एकदम श्वास आत घेत होती, एकदम बाहेर सोडत होती. एकही कान हलत नव्हता.

वाघुरीच्या तोंडात सटवा उभा होता.

तो पाठमोरा होता. भिजलेला काचा, उजवा खांदा जरासा खाली, मानेवरची ती सुरकुती. दोन्ही हात पसरून त्यानं दोन्ही खुंट्या धरल्या होत्या. मेंढरं कातरायला काढताना, एकही निसटू नये म्हणून तो तोंडात असाच उभा राहायचा. कोपरांवरून पाणी गळत होतं आणि माती ते पीत नव्हती.

ताराबाईला भीती वाटली नाही. आनंद झाला. मग तिची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडं गेली.

रानात अंधार पडत होता. त्या अंधारात लोक उभे होते. कोण होते ते तिला कळलं नाही. एका बाईचे केस तोंडाला चिकटलेले होते, कुणाच्या अंगावर कसलेसे ओलेचिंब कपडे होते. सगळ्यांची तोंडं वर केलेली होती, हाळी ऐकलेलं जनावर करतं तशी. कळपानं श्वास आत घेतला की ते पुढं यायचे. सोडला की मागं सरायचे. दरवेळी थोडे कमी मागं सरत होते. एवढं दिसलं आणि तिनं नजर खाली घातली. परत वर केली नाही.

"सटवाजी," ती म्हणाली.

त्याची मान किंचित हलली. तो वळला नाही. वळला असता तर एक हात खुंटीवरून सुटला असता.

तेव्हा तिला समजलं. तो येत नव्हता, हे खोटं होतं. तो कधीच आला होता, तिची हाळी ऐकून, सगळ्यांच्या आधी. आणि तिनं तोंड उघडं ठेवलं म्हणून आत येऊन टेकायचं सोडून तिथंच त्या बाकीच्यांना अडवून उभा होता, रोज, तिकडं समुद्राचं पाणी चढलं की. त्याचा डावा गुडघा थरथरत होता. त्या गुडघ्याला ती रोज रात्री तेल लावायची.

तिनं हात पुढं केला. काच्याचं कापड बोटांना लागलं, गार आणि जड. नुसतं ओढलं असतं तरी तो आत आला असता. हात त्याच्या पाठीशी नेऊन ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली, आणि त्या वेळात तिनं काय काय कबूल केलं ते तिचं तिला माहीत. मग तिनं हात मागं घेतला.

"अवं," ती म्हणाली, "म्या बांधते आता. तुमी बसा."

तिनं जाळीचं पान ओढून त्याच्या पाठीमागून तोंडावर आणलं आणि दोरी ओवायला घेतली. खाली मान घालून, चाचपून. दोरी खुंटीभोवती फिरवून तिनं टोक जाळीतून पलीकडं टाकलं. ह्या कामाला दोन माणसं लागतात, एकानं ताणून धरायचं आणि दुसऱ्यानं गाठ मारायची. एकटीनं ती नेहमी सैल बसते.

दोरी पलीकडून ताणली गेली. ताराबाईच्या हातातून पाणी ओघळत होतं, तरी तिनं गाठ मारली, वर दुसरी मारली, आणि ती पक्की बसेपर्यंत पलीकडच्या हातानं ताण सोडला नाही.